खाणीमागची नऊ कासवे

मी, या गल्लीत जिला सगळे बाइंडरबाई म्हणतात ती, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाची बळजबरी नाही. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. दुकान, वरची खोली आणि पुस्तके दाबायचा लोखंडी प्रेस भाचीला. प्रेसचा स्क्रू मध्येच अडतो. जोर लावू नये, तेल द्यावे.

२. बँकेतली शिल्लक आमच्या निसर्ग मंडळाला. मात्र माझे दीर अध्यक्ष असेपर्यंत एक पैसाही देऊ नये. कारण लिहिणे भाग आहे.

मंडळ माझ्या यजमानांनी काढले. आम्ही अकरा हौशी माणसे. कुठे काय दिसले ते वहीत लिहायचो. वह्या मी बांधायचे. दीर म्हणायचे, "वहिनी, जागा नीट लिहा हं, खुणेच्या झाडासकट." आम्ही लिहीत गेलो. वहीत जागा आली की पंधरवड्यात तिथली कासवे नाहीशी. पाळायला विकत घेणारे असतात. चौथ्या वेळी यजमानांच्या ते लक्षात आले. पुढच्याच महिन्यात ते खाणीच्या कड्यावरून पडले, वीस वर्षांच्या पायाखालच्या वाटेवरून. सोबत दीर होते.

३. यजमानांची दुर्बीण. पडताना ती त्यांच्या गळ्यात होती, असा दिरांचा जबाब आहे. काचेवर ओरखडाही नाही. भाचीने ती वापरू नये, पुसू नये. कुलपात ठेवावी आणि पोलिसांनी मागितली तरच द्यावी.

४. वहीतली शेवटची नोंद खोटी असून ती मी केली आहे. खाणीमागच्या ओढ्यात नऊ कासवे, असे लिहिले. तिथे एकही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी झुडपाआड बसले. दीर ओले पोते घेऊन आले, दगड उलटून पाहिले आणि थेट माझ्याकडे वळले.

"वहिनी, एकट्याच?"

"हो."

"दादाही असाच एकटा यायला लागला होता."

एवढे बोलून त्यांनी पोत्याची शांतपणे घडी घातली.

हे सारे मी मंडळाच्या सभेत सांगितले. आमचे सभासद शिंपी म्हणाले, "घरातलं भांडण इथे नको, बाई." मंडळाच्या उद्याच्या प्राणीगणनेच्या जोड्या दिरांनीच लावल्या आहेत. कड्यावर ते आणि मी. मी नाही म्हटले तर माझ्या जागी मंडळातल्या शिक्षिकाबाई आहेत. त्यांना सांगून पाहिले, त्या हसल्या. त्यांचे मूल अजून अंगावर पिते.

आत्ता साक्षीला आलेले डॉक्टर म्हणाले, "पाय मुरगळलाय म्हणा, मी सर्टिफिकेट देतो."

मी म्हटले, "आणि शिक्षिकाबाईंना कोण देणार?"

५. कासवांची खरी जागा मी कुणाच्याही नावे करत नाही. ती कोणत्याही वहीत नाही, या कागदातही नाही.

स्थळ: माझे दुकान. शनिवार, गणनेचा आदला दिवस.

सही: बाइंडरबाई

साक्षीदार:
डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे, मी तपासले आहे.
पोस्टमन, मंडळाचा सभासद. सही माझ्यासमोर झाली. उद्याच्या गणनेत अध्यक्षांनी मला नदीपलीकडे नेमले आहे.