एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’

उलानबातर, ४ एप्रिल

ती. एनेबिशदादास,
धाकट्या सेव्जिदचा दोन्ही हात पुढे करून नमस्कार. वि. वि.

मेंढ्या तगल्या ना, घोड्यांनी हिवाळा सोसला ना, हे रीतीनं विचारून झालं. आता भांडते.

नव्या वर्षाच्या सणाला तू आलास म्हणून मी सोनोग्राफीला तुझं नाव लावलं. उपाशी यायचं, असं तीनदा सांगितलं. त्या दिवशी सकाळी तू माझ्याच भांड्यातले आठ वाफाळते बूझ, सारण तेही मटणाचं, हाणलेस आणि पोट रिकामं नाही म्हणून गावी पळालास. लाज वाटली का? नाही.

तीन वर्षांपूर्वी गोळ्यांनी तुझा हिपॅटायटिस सी गेला, मान्य. पण त्याआधी वीस वर्षं त्यानं यकृत कुरतडलंय. तिथले व्रण जात नाहीत, आणि त्या व्रणांत कर्करोग धरतो. बारीक असताना सापडला तर जाळून टाकता येतो. म्हणून दर सहा महिन्यांनी बघायचं. बाबांचा सापडला तेव्हा ते हळदीसारखे पिवळे झाले होते आणि दीड महिन्यात गेले. मी यकृताच्या वॉर्डात नर्स आहे दादा, रोज कुणाचे तरी बाबा येतात. त्या पलंगावर मला तू नकोयस.

आपण सोयऱ्यांना एका काळजाचे म्हणतो. ते काळीज म्हणजे हेच, बरगडीखालचं. माझाही त्यात वाटा आहे असं समज. २० जूनला तुमच्या गावात तपासणीची गाडी येतेय. जा.

लोभ असावा आणि त्या सकाळी पोट रिकामं असावं.
तुझी,
सेव्जिद

शार-ओवू, २६ एप्रिल

चि. सेव्जिदबाईस,
थोरल्या भावाचे कपाळ हुंगून आशीर्वाद.

मी तुझं काय घोडं मारलंय गं? उलट सतरा पाळतोय. नादामच्या जत्रेतल्या शर्यतीसाठी आपल्या निळ्या घोड्याला तयार करतोय. रोज पहाटे त्याची लीद बघायची, घाम निपटायचा, श्वास मोजायचा. माझी लीद बघायला वेळ कुणाला आहे?

गोळ्या संपल्यावर मिळालेला, आजार नाही असं लिहिलेला कागद मी काचेत घालून बाबांच्या पदकांशेजारी टांगलाय. पाहुण्यांना चहाआधी तो दाखवतो.

शिवाय तू माझं नाव विसरलीस. माझ्याआधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं मला एनेबिश केलं. न्यायला आलेल्या भुतानं नाव विचारावं, हा नव्हे असं ऐकावं आणि गोंधळून चालू लागावं. एक्कावन्न वर्षं ही युक्ती लागू पडतेय. तुझा कर्करोगही दारात येईल, नाव ऐकेल आणि शेजारी चौकशीला जाईल.

तुझी वहिनी दुलमा मात्र तुझ्याच बाजूची. तिला काय, थेंबाला शिवत नाही. यकृत हा आम्हा पिणाऱ्यांचा अवयव, तिला कसली आलीय तपासणी?

माया असू दे, कटकट आवर.
दादा

शार-ओवू, ५ जुलै

चि. सेव्जिदला आशीर्वाद.

झाली एकदाची तुझी सोनोग्राफी. रिपोर्ट काल जिल्ह्याहून आला. अक्षर मुंगीएवढं, म्हणून पाकीट न फोडताच ड्रायव्हरबरोबर धाडतोय. तूच वाच आणि गप्प बस. ११ तारखेला निळा पळणार.

तुझा आज्ञाधारक,
दादा

उलानबातर, ८ जुलै

ती. दादास नमस्कार.

अभिनंदन. तुझं गर्भाशय आकारानं सामान्य आहे.

मी इतकी हसले की वॉर्डातल्या बायका बघायला आल्या. एनेबिश बाईचं नाव असतं, पुरुषाचंही असतं, आणि तपासणीच्या गाडीतली पोरगी शहरातून नवीन आलेली. तिला काय कळणार? आता तुला आयुष्यभर चिडवायला मिळालं म्हणून मी रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ती ओळ मी हसण्याच्या नादात सोडली होती.

यकृताच्या उजव्या भागात पावणेदोन सेंटीमीटरची गाठ आहे. ताबडतोब पुढची तपासणी करा, असं लिहिलंय.

दादा, त्या पलंगावर कोण झोपलं होतं?

सेव्जिद

शार-ओवू, १० जुलै

सेव्जिद,

दुलमा होती.

मी निळ्याला घेऊन माळावर गेलो होतो, आणि सकाळी चरबीची वाटी चाटून बसलो होतो. तिला म्हटलं, तू जा, तुला कुठं काही आहे, रिपोर्ट झकास येईल, बहिणीचं तोंड बंद होईल. ती नको म्हणत होती. एनेबिश म्हणून पुकारलं आणि ती माझ्यासाठी उठली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मीच लिहिलं होतं ना, शेजारी चौकशीला जाईल म्हणून? माझ्या शेजारी दुसरं कोण झोपतं?

ड्रायव्हरच्या गाडीत एकच जागा आहे, तिथं दुलमा बसलीय, पत्र तिच्याच हाती देतोय. कळप कुणाच्या तरी गळ्यात मारून मी परवा पोचतो. शर्यत गेली खड्ड्यात. तिला सांभाळ गं. मला फार भीती वाटतेय.

दादा

उलानबातर, ६ ऑगस्ट

श्री. नव्हेमहाशयांस,
दुलमाचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही गावी परतल्यावर पुन्हा फोटो काढला. सुईनं भाजलेली गाठ पूर्ण जळलीय. आपल्या वाळवलेल्या दह्याच्या खड्याएवढी होती म्हणे. जीव भांड्यात पडला.

माझ्यात हिपॅटायटिस बी निघाला. बहुतेक जन्मतानाच आईकडून आला असावा, आणि चव्वेचाळीस वर्षं गुपचूप बसला. मी घोट घेतला नाही आणि तुम्ही अख्खं तळं आटवलंत. रोज सकाळी गोळी गिळताना मला याचाच राग येतो. गोळी रोजची, सोनोग्राफी तुमच्यासारखीच सहामाही, पहिली मात्र लवकर. आपल्या पोरीला जन्मल्याबरोबर लस दिली होती, ती सुटली.

तुम्ही जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडत होतात, सेव्जिदनं सांगितलं. तुमचं नाव माझ्यावर उलटलं म्हणत होतात. खुळे आहात. तुम्ही चुकारपणा केला नसता तर त्या पलंगावर मला कुणी निजवलं असतं? तुमच्या आळसानं मी वाचले. हे परत बोलणार नाही, डोक्यावर बसाल.

गाडी १५ ऑक्टोबरला पुन्हा येतेय. तुम्हाला शोधत कुणी आलं तर यापुढे शेजारी धाडायचं नाही. शेजारी मी राहते.

जीव लावत जा, त्यात स्वतःचाही धरा.
दुलमा

शार-ओवू, ४ नोव्हेंबर

चि. सेव्जिदबाईस,
कपाळ हुंगून आशीर्वाद.

सोबत दोन रिपोर्ट. या वेळी पाकिटं फोडली, दुलमानं मोठ्यानं वाचली. तिच्यात नवं काही नाही. माझ्यात व्रण तसेच आहेत, गाठ नाही. गर्भाशयाचा उल्लेख नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

गाडीत तीच पोरगी होती. एनेबिश म्हणून तिनं हाक मारली. तिनं कागद बघितला, मग दुलमाकडे, मग माझ्या मिशीकडे, आणि विचारलं की यातला एनेबिश कुठला. भुकेनं पोटात कोकरू ओरडत होतं, तरी मी उठलो आणि म्हणालो की हा. जन्मात पहिल्यांदा म्हणालो.

काचेतला जुना कागद काढलाय. तिथं आता पुढची तारीख टांगलीय, १५ एप्रिल.

लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझा दादा,
एनेबिश, हाच