पगाराचा शनिवार

कोल्हापूर, ता. १२ जानेवारी १९७५

चि. सयाजीस, आक्काचा अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊ मुंबईत दारूखात्यात सायब हाय हे सांगायची मला आता लाज वाटती. थिएटरासमोर देशी दारूचं एक दुकान होतं, आता ओळीनं झालीत, आणि सगळ्यांवर तुझ्याच खात्याचा परवाना. सिनेमा सुटला की बायकापोरींनी त्या झिंगलेल्या गर्दीतनं अंग चोरत यायचं. फौंड्रीचा पगार शनिवारी. त्या दिवशी तुझे दाजी सरळ घरी आलेत असं कधी घडलं न्हाय. परवा कपाळ फोडून घेऊन आले. सोबत शेजारच्या धोंडुबाईचा नवरा आकाराम. दोघं एकाच फौंड्रीत राबत्यात, एकाच बाकड्यावर पित्यात.

पगाराच्या शनिवारी दुकानं बंद ठेवा म्हणून आम्ही गल्लीतल्या बायकांनी अर्ज धाडलाय. एवढं काम कर, न्हायतर भाऊबीजेला तोंड दाखवू नकोस. भावजयीला, शालूला आशीर्वाद. रागावले तरी माया हाय, तीही ठेवून घे.

तुझी आक्का,
बाळाबाई

मुंबई, ता. २ फेब्रुवारी १९७५

ती. आक्कास, सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. शालूने दोनदा वाचून घेतल्या आणि दोन्ही वेळा हसली.

पण आक्का, दारूबंदीच्या दिवसांत आपले जोतीरामकाका चोरून स्पिरिट मिसळलेली प्याले आणि सकाळी त्यांना आपला हात दिसेना, हे तू पाहिले आहेस. दुकानातली दारू निदान तपासलेली असते. म्हणूनच मी परवान्यांच्या बाजूने भांडलो.

तुमचा अर्ज मी साहेबांपुढे ठेवला आहे. शहरापुरता हुकूम लवकर निघेल. मला भीती आहे ती उचगावच्या वाटेवरच्या हातभट्टीची. ती हद्दीबाहेर येते, आणि दुकाने बंद असली की लोक तिकडेच वळतील. तिथे छापे घालायचे तर वेगळा हुकूम हवा आणि तो दुसऱ्या टेबलावर आहे. दोन्ही एकदम निघेपर्यंत थांबू का? तू म्हणशील तसे करतो. दाजींना नमस्कार. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा,
सयाजी

कोल्हापूर, ता. ४ मे १९७५

चि. सयाजीस, आशीर्वाद. वि. वि.

थांबू नकोस म्हणून मी उलट टपाली कळवलं तेच बरं केलं. पहिल्या बंद शनिवारी दाजी भरल्या घरात वाघासारखे फिरत होते. कांद्यावरनं सुद्धा भांडले. आता निवळलेत. काल विमलाला घेऊन सिनेमाला गेले आणि येताना सगळ्यांना भजी आणली. पोरगी बापाच्या हाताला धरून त्या गल्लीतनं आली, हे मी दारात उभी राहून बघितलं. धोंडुबाईनं तुझ्या नावानं पुरणपोळी केली, ती आम्हीच खाल्ली.

तेवढा दुसरा हुकूम बघ की. आकाराम कुणाच्या तरी सायकलवर उचगावच्या वाटेला जातोय असं कानावर आलंय. शालूला जप. असाच आमचा राहा.

आक्का

मुंबई, ता. २९ जून १९७५

ती. आक्कास, शि. सा. न.

तार मिळाली. दाजींचे डोळे गेले, आकाराम वारला. दोघे शनिवारी भट्टीवर गेले होते हे तारेत लिहिले नसतेस तरी मला कळले असते. दुसरा हुकूम अजून टेबलावरच आहे. मी विचारत राहिलो, ओरडलो मात्र नाही.

शनिवारचा बंद उठवावा असे टिपण मी आता लिहितो. दुकान उघडे असते तर दाजींना दिसत असते. रजा मिळाली की निघून येतो.

सयाजी

कोल्हापूर, ता. ३ जुलै १९७५

चि. सयाजीस, आशीर्वाद.

टिपण लिहू नकोस. आणि आत्ता येऊही नकोस.

आकारामाला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी धोंडुबाई दारात आली. बसली न्हाय. म्हणाली, "दुकान उघडं असतं तर माझा मालक झिंगत का होईना, घरला आला असता." तू विचारलं होतंस आणि थांबू नकोस असं मीच लिहिलं. आता दुकानवाले बंद उठवा म्हणून अर्ज घेऊन हिंडत्यात. त्यावर धोंडुबाईनं अंगठा उठवलाय. मी तिला बोल लावत न्हाय.

हे भिंतीला टेकून बसून असत्यात. विमला हाताला धरून न्हाणीत नेती. प्यायला मागत न्हाईत. घरात दारू नको म्हणून किती नवस केले होते मी.

पण तेवढे महिने गल्लीत कुठल्या बाईच्या अंगावर हात पडला न्हाय, हेबी खरंच हाय. ते मी कुणाला विसरू देणार न्हाय. शनिवार बंदच राहू दे आणि दुसरा हुकूम काढ. आता ओरड.

हुकूम निघाला की तार कर. तोवर खुशालीची पत्रं नकोत. तुझे दाजी वाचून दाखव म्हणत्यात, आणि तुझं अक्षर बघितलं की मला वाचवत न्हाय. माया आटलेली न्हाय, सयाजी. आत्ता देववत न्हाय एवढंच.

बाळाबाई