मेकच्या पुढचा टू

कै. मामंजींस,

साष्टांग नमस्कार लिहायला गेले आणि हात थांबला. म्हणून नुसता नमस्कार. तोही सवयीचा समजा.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी मला तुमची काळी ट्रंक आवरायला सांगितली. इंदूर दरबारच्या वेळच्या सर्टिफिकिटांखाली उज्जैनहून आलेलं एक पोस्टकार्ड निघालं. ते तुम्ही फाडलं का नाहीत? सून या ट्रंकेपर्यंत कधी पोचणारच नाही, इतकी खात्री होती? ते कार्ड वाचलं, म्हणून हे पत्र.

तुमची इंग्रजी म्हणजे आपल्या गल्लीचं दैवत होतं. उभा जन्म दरबारच्या दफ्तरात मसुदे लिहिण्यात गेलेला माणूस! संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, कचेऱ्यांत हिंदी आली, तरी कुणाला इंग्रजीत अर्ज-दरखास्त लिहायची झाली की तो आपल्याच ओट्यावर यायचा. बाबूजींच्या अंग्रेजीला तोड नाही भिया, असं लोक म्हणायचे आणि तुम्ही चष्मा पुसत ऐकून घ्यायचात. ऐकणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हती, एवढंच तुमच्या विद्वत्तेचं भांडवल. मला ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं. बोलले मात्र नाही.

मी रतलामच्या रेल्वे क्लार्कची मुलगी, इंटर पास. शाळेतल्या बाईंनी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसवली होती. इंग्रजीत आपल्यामागून कोण येणार ते क्रियापदच ठरवतं. 'वाँट'ला 'टू' लागतो, 'एन्जॉय'ला 'इंग' लागतं, आणि 'मेक' असेल तर पुढचं क्रियापद बिन-'टू'चं. आपल्या जिभेला हे जड जातं. मराठीत आपण 'वाचायला लावते' म्हणतो ना, त्या 'ला'चा 'टू' करून मोकळे होतो. तुम्हीही जन्मभर तेच करत आलात, दरबारच्या शिक्क्याखाली.

तीन वर्षांपूर्वी मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. तुमच्या चिरंजीवांनीच जाहिरात आणून दिली. मी अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'आय शॅल मेक द गर्ल्स रीड अलाउड एव्हरी डे.' सुनेचा अर्ज घराबाहेर जातोय, एकदा नजर टाकतो, असं म्हणून तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत आणि 'गर्ल्स'च्या पुढे 'टू' घुसवलात.

इथे 'टू' येत नाही, असं मी हळूच म्हटलं. तुम्ही हसलात. नुसते हसून थांबला नाहीत, सासूबाईंना आणि यांना बोलावलंत, सुनेची अक्कल दाखवायला.

"मग 'दे वेअर मेड टू रीड' यात टू कुठून आला, सूनबाई?"

मी सांगितलं की कर्मणी वाक्यात तो येतो, सरळ वाक्यात येत नाही.

"टूशिवाय वाक्य नागडं दिसतं," तुम्ही म्हणालात. "असल्या अर्जावर माझ्या घराचा पत्ता जाणार नाही."

हे म्हणाले, अगं, ते म्हणतात तसं कर, खालीपिली वाद कशाला. मी तुमच्या 'टू'सकट अर्ज पुन्हा उतरवून काढला. का काढला? त्याबद्दल मला स्वतःचीही कीव येते.

अर्ज मी टाकतो, असं सांगून तुम्ही तो चार दिवस ठेवून घेतलात. मला वाटलं, चांगला वार बघताय. आता कळलं की तुम्ही उज्जैनच्या तुमच्या मित्राला विचारलं होतं, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यांनी लिहिलंय, "सूनबाईंचंच बरोबर आहे. मेकच्या पुढे टू घेऊ नये. मुलगी हुशार दिसते, तिला शिकवू द्या." कार्डावर इंदूरच्या पोस्टात पोचल्याचा शिक्का त्या बुधवारचा आहे. माझा अर्ज तुम्ही गुरुवारी टाकलात.

म्हणजे दोन्ही कागद तुमच्या हातात होते. एक पान पुन्हा लिही, एवढंच मला सांगायचं होतं. तुम्ही कार्ड ट्रंकेत टाकलंत आणि अर्ज टपालपेटीत!

मुलाखतीच्या सकाळी हे खजराण्याच्या गणपतीला नारळ वाहून आले. शाळेच्या मोठ्या बाईंनी माझा अर्ज समोर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत का? हो म्हटलं. सासऱ्यांचं नाव कसं घेणार? त्या चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. व्याकरण शिकवणारीच्या हातून हे चालणार नाही, एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी ते सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "बाईमाणूस ती. तिला काय कळतंय इंग्रजीतलं?"

चुकलात याचं मला काही नाही, मामंजी. कोण चुकत नाही? पण हे वाक्य तुम्ही सगळं ठाऊक असून बोललात. आणि त्यानंतर गल्लीतल्या लोकांच्या दरखास्तींत तुमचा 'मेक' गुपचूप शुद्ध झाला. पोस्टात टाकायला त्या माझ्याच हाती यायच्या. 'टू' दिसेना, तेव्हा मलाच वाटलं, अर्जातला तो 'टू' बहुधा माझाच असेल, आपल्या लक्षात काहीतरी घोटाळा झालाय. माझी चूक शोधत मी किती दिवस घालवले, कल्पना आहे? इतक्या लहान माणसाला मी रोज वाकून नमस्कार करत होते.

आज सकाळी कार्ड यांना दाखवलं. यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले की आईला कळू देऊ नकोस. सासूबाईंना मी सांगणार नाही, त्यांचा यात काय दोष? पण तुमच्या चिरंजीवांना मी एवढंच म्हटलं की पुढचा अर्ज मी कुणाला दाखवणार नाही. ते हो म्हणाले. तुमच्या घरात एवढं पहिल्यांदाच झालं.

पलासियाकडे एक नवी शाळा निघते आहे. अर्ज लिहून झालाय. उद्या मी स्वतः जाऊन देणार आहे.

तिथे नाही तर आणखी कुठे, पण मी शिकवणार. आणि एखादी मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली की बाई, तुमचं चुकलं, तर पुस्तक उघडून बघीन. तिचं बरोबर असेल तर त्याच तासाला, सगळ्यांसमोर, फळ्यावरचं माझं पुसून तिचं लिहीन. हे वचन समजा. त्याला अर्धं मिनिट लागतं, मामंजी.

तुमची म्हणवत नाही,
सुमन