दाढ राहून गेली

गुरुवार, दिवेलागण

आजही भाकरीचा पापुद्रा वेगळा काढला. हे जाऊन वर्ष होत आलं, तरी हात ऐकत नाही. ह्यांना तोच आवडायचा.

तोंडाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेण्याआधी दात तपासा, असं मिरजेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. मीच वाचून दाखवलं. हे म्हणाले, "दात काय पळून जात्यात व्हय? आधी शेक घिऊ." मी हसले.

शेकानंतर दाढ ठणकायला लागली. पलूसचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "आता दाढ काढली तर शेकलेल्या जबड्याची जखम भरत न्हाई, वहिनी. सांगलीला न्या." तिथली तारीख येईपर्यंत आजार उलटला. शेवटपर्यंत नुसती पेज.

मरण टळलं नसतं, कबूल. पण पापुद्रा खाऊन गेले असते.

मला वाचता येत होतं. तरी मी हसले.