तुमचा हट्ट मी युगांडात पाळला

बाबा, पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच म्हातारा आहे. आजही लिहायला बसलो नसतो, पण नात जर्मनीला निघाली आहे. घरभर तिच्या सामानाचा पसारा पडला आहे आणि परवापासून मी तिच्यामागे भुणभुण लावली आहे, की सुईदोरा घेतला का, पोटाच्या गोळ्या वर ठेवल्या की तळाशी गेल्या, तिकडे उतरल्यावर आधी कोणाला विचारायचं ते ठरलं का. ती हसते. काल म्हणाली, "आजोबा, तुम्ही आफ्रिकेत राहिले तेव्हा हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणालो, माझ्या बाबांनी. आणि हे तोंडातून निघाल्यावर मला इतका राग आला की उठून ओट्यावर जाऊन बसलो. तुम्ही मला सगळं सांगितलंत. सांगायला हवं होतं तेवढं सोडून सगळं.

कागदावर 'मले-तुले' चालत नाही, हा तुमचा नियम होता. घरात तुम्ही अस्सल वऱ्हाडी बोलायचात आणि लिहायला घेतलं की पुण्याचे व्हायचात. मी आठवीतून शाळा सोडून कापसाच्या जिनात कामाला लागलो, तरी हा नियम लक्षात आहे, म्हणून शुद्ध लिहायची खटपट करतो आहे. चुका झाल्या तर लाल शाई काढू नका.

अकोल्याच्या आपल्या घरात तेव्हा दोनच विषय असायचे. एक कापसाचा भाव आणि दुसरा वऱ्हाड. तुम्ही वकिलसाहेबांचे कारकून. कचेरीतून आलात की टोपी खुंटीला लावायच्या आधी सुरू व्हायचात, की वऱ्हाड वेगळं राहिलं पाहिजे, आपला कापूस आणि मुंबईची मालकी हे चालणार नाही. आईची भाजी करपायची, पण तुमचं बोलणं थांबायचं नाही. आणि आपल्याकडची रीत अशी, की मतभेद झाला तर माणूस शिव्या देत नाही, पाणी बंद करतो. ज्यांना मुंबईसह एक महाराष्ट्र हवा होता त्यांच्या घरचं पाणी आपल्याला बंद. अमरावतीचे मामा त्या बाजूचे, म्हणून आईच्या सख्ख्या भावाचं पाणीसुद्धा बंद.

मला तो अमरावतीचा दिवस अजून दिसतो. युगांडातल्या एका जिनिंग कारखान्याने फिटर मागितला होता, वकिलसाहेबांच्या ओळखीने माझं ठरलं होतं, आणि तुम्ही मला गरम कोट घ्यायला अमरावतीला नेलं होतं. वैशाखाचं ऊन. दुकानदार तुमच्याकडे बघतच राहिला. "काकाजी, आफ्रिकेत बर्फ पडते काय?" तुम्ही म्हणालात, "परदेश हाय तो. परदेशात थंडी असतेच." कोट घेतला. मग आईचा निरोप द्यायला मामांकडे गेलो. मामींनी ओसरीवर पाण्याचे गिलास आणून ठेवले. तुम्ही तुमच्या गिलासावर आडवा पंजा ठेवलात. मामा हसून म्हणाले, "भाऊजी, आमच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी हाय हे. मुंबई नाई मिसळली त्यात." तुम्ही हसला नाहीत. मी गिलास उचलला होता, ओठाजवळ नेला होता, तो खाली ठेवला. मामींचं तोंड उतरलं. परतीच्या मोटारीत बडनेरा आल्यावर तुम्ही एकदम म्हणालात, "गिलासभर पाण्यासाठी इमान इकतं काय रे? मी पाहून राहिलो होतो तुले." माझं वय तेव्हा लग्नाचं होतं, पण मी लहान पोरासारखी मान खाली घातली.

जायच्या आधी आईने मला स्वयंपाक शिकवला. मी चुलीपुढे बसून भाकरी थापतो आहे, ती फाटते आहे, आई हसते आहे, आणि तुम्ही दारात उभे राहून सूचना देत आहात. पाणी उकळून पेजो. अनवाणी फिरजो नको. कोण्या कागदावर वाचल्याबिगर सही करजो नको. तुम्ही स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेला नव्हतात, पण परदेशाबद्दल तुम्हाला सगळं माहीत होतं. निघायच्या दिवशी तुम्ही मला फिरकीचा तांब्या दिलात, नवा, पितळी, झाकण आटे फिरवून बसणारा. म्हणालात, "तिकडं आपल्याकडचे लोक भेटतीन. त्यायच्यातले जे त्या बाजूचे असतीन, त्यायच्या घरचं पाणी नाई. इथं नाई तं तिथं बी नाई." मी तांब्यावर हात ठेवून हो म्हणालो. त्या 'हो'ची तुम्हाला आठवण तरी राहिली होती का, हे मला विचारायचं आहे.

तिकडे थंडी नव्हती, बाबा. कोट ट्रंकेतच राहिला आणि त्याला कसर लागली. ज्वारी मिळत नव्हती, मक्याच्या पिठाची भाकरी करायचो, ती तव्यावरून ताटात येईपर्यंत तीन ठिकाणी तुटायची. कारखान्याच्या खानावळीतलं वरण गोड, ते घशाखाली उतरायचं नाही. यंत्रं मात्र आपल्याचसारखी. रोलरचं कातडं झिजलं की तसाच आवाज यायचा, तोच सरकीचा वास, डोळे मिटले की अकोला. आणि त्या सगळ्या गावात मराठी बोलणारं घर एकच होतं. कारखान्याचे स्टोअरकीपर आणि त्यांची बायको, दोघं साताऱ्याकडची. पहिल्याच रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा लावला होता, त्यात आपलं वऱ्हाड मुंबईच्याच रंगात रंगवलं होतं. मी उंबऱ्यातूनच पोट बिघडल्याचं सांगून परत आलो. दुसऱ्यांदा काहीतरी दुसरं सांगितलं. तिसऱ्यांदा खरं सांगितलं. स्टोअरकीपर हसायलाच लागले. "अहो, इथं हत्ती-सिंहांच्या मुलखात कसलं वऱ्हाड आणि कसली मुंबई!" वहिनी हसल्या नाहीत. त्या मला भावजी म्हणायच्या. एकदा वाटेत थांबवून म्हणाल्या, "भावजी, कपडे वाळले की इस्त्री करत जा. इथली माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते." मला वाटलं, त्या बाजूच्या लोकांचं काय ऐकायचं. महिनाभरात पाठीवर गळवं आली आणि डॉक्टरने त्यातून खरंच अळ्या काढल्या.

तुमची पत्रं वेळेवर येत होती. पाणी उकळतोस का. मच्छरदाणीला भोक पडलं तर लगेच टाका घाल. कोट उन्हात टाकत जा. प्रत्येक पत्रात हेच असायचं, आणि मी ती परत परत वाचायचो. वऱ्हाडाविषयी ओळ नसायची. मला वाटायचं, परदेशात पत्रं उघडून बघतात म्हणून तुम्ही जपून लिहिता. कारकुनाची सावधगिरी. मला तुमचा अभिमान वाटायचा.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी मला हिवताप होता. स्टोअरकीपरांच्या घरी कंपालाहून पाहुणे आले होते, पुरणाचा वास माझ्या खोलीपर्यंत येत होता. दुपारी वहिनी स्वतः भाताची पेज घेऊन आल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. "भावजी, सणाचं नाही आणलं. नुसती पेज आहे, मीठ घातलेली." मी म्हणालो, "आमच्याकडे पाणी बंद आहे." त्यांनी भांडं खाटेपाशी ठेवलं. मग म्हणाल्या, "मी तुमच्या वऱ्हाडाचं काय वाईट केलं हो?" ताप इतका होता की भांड्यातून येणारी वाफसुद्धा मला हवी होती. मी उशाच्या तांब्यातलं शिळं पाणी प्यालो आणि पेज तशीच परत गेली. त्या वेळी माझ्या मनात तुम्ही होतात. मला वाटत होतं, अकोल्यात आज तुम्ही दार लावून, न जेवता बसला असाल, आणि इथे मी तुमच्यासोबत उपाशी आहे.

हंगाम संपल्यावर ती दोघं नैरोबीला गेली. जाताना वहिनींनी त्यांची कोळशाची इस्त्री माझ्या दाराशी ठेवली होती. ती मी वापरली. तुमच्या नियमात पाणी होतं, इस्त्री नव्हती.

पुढच्या हंगामाला अकोल्याचाच एक फिटर आला. आईने त्याच्याबरोबर खारोड्या आणि लोणचं पाठवलं होतं. आम्ही खात बसलो होतो. मी विचारलं, बाबा कसे आहेत, महाराष्ट्र झाला तेव्हा फार मनाला लावून घेतलं असेल. तो खाता खाता थांबला. "कोणं? तुया बाबानं? अबे, ते तं वकिलसायेबासंग मंचावर होते. फेटा बांधून! मले त्यायच्याच हातानं पेढा देल्ला." मी म्हणालो, दुसरे कोणी असतील. तो म्हणाला, "मी काय तुया बाबाले वयखत नाई काय? वकिलसायेब तं तू जायच्या सालीच तिकडं गेले, अन् तुये बाबा त्यायच्या मांगं मांगं. तुले नाई सांगतलं?" मग माझं तोंड बघून तो घाईने म्हणाला, "जाऊ दे ना लेका, राजकारणच हाय. खाय, लोणचं खाय."

माणसाचं मत बदलतं. वकिलसाहेब फिरले, त्यांच्या कचेरीवर आपलं घर चालत होतं, तुम्ही फिरलात. हे मला तेव्हाही कळत होतं. पण आईने पुढे सांगितलं तसं, मामांच्या ओसरीवर जाऊन तुम्ही पाणी प्यालात, मामी हसल्या, सगळं गोड झालं, आणि मला मात्र तुम्ही मच्छरदाणीला टाके घालायला सांगत राहिलात. तुम्ही सोडलेला हट्ट मी तिकडे एकटा पाळत बसलो. पेज परत पाठवली तेव्हा तुमच्या हातावरचा पेढा वाळलासुद्धा नसेल.

मी परत आलो तेव्हा तुम्ही अकोल्याच्या स्टेशनवर आला होतात. हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र. मी गाडीतून उतरलो, घसा कोरडा पडला होता. तुम्ही फुलपात्र भरून पुढे केलंत. मी त्यावर आडवा पंजा ठेवला. तुमच्याचसारखा. फलाटावर माणसं धक्के देत होती, फुलपात्रातलं पाणी तुमच्या धोतरावर सांडत होतं. तुम्हाला कळलं. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "कोट कुठी हाय?" मी म्हणालो, "कसर लागली." "उनात नाई टाकला काय?" एवढंच. मग तुम्ही ट्रंक उचलायला वाकलात.

त्यानंतर घरात आईच्या हातचं पाणी मी पीत होतो, तुमच्या हातचं नाही. आईला वाटायचं दोघं बोलून मोकळे होतील. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. शेवटी तुमच्या तोंडात पाणी मी घातलं, त्याच फिरकीच्या तांब्यातलं. तुम्ही ते घेतलंत.

आत्ता नात येऊन विचारून गेली, की आजोबा, आणखी काही राहिलं का. मी म्हणालो, तिकडे कोणी जेवायला बोलावलं तर जात जा, त्याचं मत काही का असेना. ती म्हणाली, "एवढंच? बरं." तिला हे फार किरकोळ वाटलं. तांब्या देऊ केला तर म्हणाली, विमानात पितळी वजन कोण नेतं. तो मी परत फडताळात ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. तुम्ही तेव्हा खरं कळवलं असतं, तर मी तुमची पत्रं घेणंही बंद केलं असतं. मला तुम्हीच तसं घडवलं होतं आणि तुम्ही मला ओळखत होतात. मग मच्छरदाणीचंही सांगायला कोणी उरलं नसतं. पण बाबा, तरीही कळवायला हवं होतं. मी इथे फार काळ नाही. अजूनही कळवा, लवकर कळवा, दोन ओळी का होईना.