मिठागराचा पूल

अहो प्रितमचे बाबा,

कोलशेतच्या आपल्या मिठागराची आता बाग झालीय, पण तिकडे नेणारा दगडी पूल तसाच ताठ आहे. तुमच्या आजोबांनी मीठ वाहायला बांधलेला, एक दगड हललेला नाही. आता त्यावरून पोरांच्या सायकली धावतात.

काल प्रितमची नवरी रुपाली त्यावरूनच आली. सासूने पुलावर मूठभर मीठ ठेवून सून गावात घ्यायची, ही आपली रीत. मी विधवा, म्हणून जाऊबाईंनी मीठ घेतलं. मी मागे सरले.

रुपाली जागची हलेना. "काकी, माझ्या सासूबाई त्या ना? मग त्यांनाच ठेवू द्या. नायतर मी इथंच बसते, जेवण इथंच वाढा!"

सगळे हसले. मीठ मीच ठेवलं. घरापर्यंत ती माझ्या उजवीकडून चालली, तुम्ही चालायचात तिथून.

तुमची,
आवडा