फाइनाचा निरोप दारात घेऊ नये

मोन्तेव्हिदेओ,
१४ मार्च १९९४

ती. झुल्मा आत्यास,
विल्मारचा सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारी बसस्थानकावर मागेलाने तिच्या मांजराची टोपली माझ्या हातात ठेवली आणि त्या क्षणी माझं सगळं आयुष्य बदललं. हसू नकोस. मागेला म्हणजे माझ्या समोरच्या खोलीतली, शिक्षिका होणार होती ती. तिला साल्तोच्या शाळेत बदलीवर तात्पुरतं काम मिळालं. तिथे जिच्याकडे ती राहणार त्या बाईला घरात जनावर चालत नाही. बस सुरू झाल्यावर ती खिडकीतून म्हणाली, की एवढ्या मोठ्या शहरात फाइनाला सोपवावं असा तूच एक आहेस. आत्या, जिच्या मनात काही नाही ती मुलगी असं बोलेल का? तूच सांग.

फाइना पाच वर्षांची आहे. हरभऱ्याच्या पिठाची फाइना पोळी भट्टीतून काढल्यावर दिसते तशी पिवळी, कडेला जरा करपलेली, म्हणून हे नाव. जन्मात तिने घराबाहेरच्या जमिनीला पाय लावलेला नाही. गॅलरीला मी जाळी ठोकली आहे. पण दुसऱ्याच दिवशी मी दार उघडलं आणि ती पायांतून सुळकन निसटली ती थेट गच्चीवर. मी पायमोज्यांवर तिच्यामागे. माझ्या एकुलत्या एक आरामखुर्चीचा कापूस तिने बाहेर काढला आहे. उजाडायच्या आत छातीवर बसून ओरडते. मी बेकरीत उभ्या उभ्या झोपतो, मालक म्हणतात की तुझ्यापेक्षा पाव तरी फुगतो.

तुझ्याकडे कायम मांजरं होती. काय करू ते सविस्तर लिही. हे मांजर मला मागेला परत येईपर्यंत टिकवायचं आहे, खरं तर त्याच्यापुढेही, तिच्यासकट. बाबांना मी कॉलेज सोडल्याचं अजून सांगू नकोस.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा,
विल्मार


दुराझ्नो,
२२ मार्च १९९४

चि. विल्मारस,
झुल्मा आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कान पिळलेला.

तुझ्या बाबांना मी काही सांगितलेलं नाही. शेतकी कॉलेजच्या ऑफिसच्या दाराची काच फुटल्याचं मात्र त्यांना कळलं आहे, आणि काच कोणामुळे फुटली असेल हे त्यांनी न विचारता ओळखलं. लहानपणापासून या घरातली सगळी दारं तू आपटली आहेस. सुतार अजून तुझी चौकशी करतो.

आता दाराचंच आधी सांगते. तू बाहेर जाताना दारात उभा राहून फाइनाशी लाडं लाडं बोलतोस ना? मी पैजेवर सांगते, बोलतोस. मग तिला वाटतं, दारापाशीच काहीतरी मजा आहे. मांजराचा निरोप दारात कधी घेऊ नये. काय लाड करायचे ते आधी खोलीत करून घे. मग वाळक्या मांसाचा एक तुकडा पार लांबच्या कोपऱ्यात टाक, ती तिकडे गेली की गुपचूप बाहेर हो आणि दार सावकाश ओढ. आपटलंस तर पुढच्या वेळी ती धास्तीनेच पळेल.

खुर्चीसाठी बसच्या ड्रायव्हरकडे एक ओंडका पाठवते आहे. निखाऱ्यासाठी आणलेल्या लाकडातला सरळसा निवडून त्याला काथ्या घट्ट गुंडाळला आहे. तो खुर्चीच्या शेजारीच उभा कर. लांब कोपऱ्यात ठेवलास तर ती ढुंकून बघणार नाही. झोपण्यापूर्वी तिला दोरीमागे दमेपर्यंत पळव आणि मग खायला घाल. शिकार, जेवण, झोप हा त्यांचा क्रम असतो. पहाटे ओरडली तर उठू नकोस. एकदा उठलास की ती तुला गडी समजेल.

मागेलाचं म्हणशील तर, बस पकडायची घाई असलेली मुलगी टोपली देते ती ज्याचे हात रिकामे दिसतील त्याला. राग मानू नकोस.

रागावलास तरी पत्र पाठवत जा,
तुझी आत्या


मोन्तेव्हिदेओ,
२ मे १९९४

ती. आत्यास,
घाईतला पण मनापासूनचा नमस्कार.

ओंडका पोचला. ड्रायव्हर म्हणाला, राजधानीत एवढी लाकडाची टंचाई आहे हे माहीत नव्हतं. फाइना त्याच्यावर तुटून पडली आहे, खुर्ची वाचली. दाराची युक्तीही लागू पडली. तिच्याशी मी दारात बोलत होतो हे मात्र तुला कोणी सांगितलं?

पण आता खरं संकट आलं आहे. खालच्या मजल्यावर पेर्लाबाई राहतात, इमारतीचं सगळं त्याच बघतात. त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या मेजपोशावर वरून पिवळं पाणी ठिबकलं. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, हे मांजराचं आहे. मी म्हणालो, तुमचे नळ गंजलेत. त्या म्हणाल्या, नळ मला कधी चावला नाही, तुमची जीभ चावते. मी दार आपटलं. आता त्यांनी बजावलं आहे, की महिनाअखेर मांजर तरी जाईल नाहीतर तुम्ही तरी. मांजर गेलं तर मागेलाला मी कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? तिने माझ्यावर टाकलेला एवढा एकच विश्वास आहे, तोही मी सांडला असं होईल.

आणि फाइनाने शी-शूसाठी ठेवलेल्या पाटीत बसायचंच सोडलं आहे. मी किनाऱ्यावरून स्वतः रेती आणतो. पाटी रोज जंतुनाशकाने घासतो, इतकी की डोळ्यांतून पाणी येतं. तरी ती लांबूनच वास घेऊन पंजा झटकते आणि निघून जाते. कोपरे सगळे कोरडे. मग ही करते कुठे, हे एक देवाला ठाऊक.

बाकी मागेलाने मागे ठेवलेली जाई मी जगवली आहे. तू लहानपणी शिकवलंस तसं, चहासारखा येर्बा पिऊन झाला की भोपळ्याच्या पेल्यात उरलेला त्याच्या पानांचा चोथा फेकत नाही, टेबलाच्या जुन्या लाकडी खणात पसरून गॅलरीत वाळवतो आणि कुंडीत घालतो. पण चांगलं ऊन असूनही यंदा चोथा वाळतच नाही, वरून उग्र दर्प येतो. दुकानदार येर्ब्यात भेसळ करतो असं माझं ठाम मत झालं आहे. काल त्याच्याशीही भांडलो.

सगळ्या जगाशी भांडलेला, तुझ्याशी नाही,
विल्मार


दुराझ्नो,
९ मे १९९४

चि. विल्मारस,
अनेक आशीर्वाद. हसून हसून हात हलतो आहे, अक्षर सांभाळून घे.

अरे गाढवा, दुकानदाराची आधी माफी माग. भेसळ तो करत नाही, फाइना करते! मऊ, भुसभुशीत, पंजाने उकरता येईल असा मोठा खण तू उन्हात मांडून ठेवलास, आणि तिची स्वतःची पाटी जंतुनाशकाने अशी केलीस, की माणसालाही तिथे उभं राहवू नये. तिने शहाण्यासारखी निवड केली. त्या खणाच्या फटींतून जे ठिबकलं ते पेर्लाबाईंच्या मेजपोशावर. आपल्या देशात येर्बा पिणारं माणूसच मांजरासाठी असला थाट मांडू शकतं. थोडा दोष माझाही, चोथा वाळवायला मीच शिकवलं. पण माझा चोथा छपरावर वाळायचा आणि माझी मांजरं अंगणात जायची.

आता असं कर. खण टाकून दे. पाटी नुसत्या गरम पाण्याने धू, वासाचं काही नको. रेती घाल आणि वर मूठभर नवा, चांगला कोरडा चोथा पसर. तो घरात, तिचा पंजा पोचणार नाही असा वाळव, ओला राहिला तर बुरशी धरतो. पाटी तुझ्या रहदारीतून जरा बाजूला, शांत जागी ठेव आणि घाण रोज काढ. ती बसायला लागली की चोथा हळूहळू कमी कर. घाई करू नकोस, हे तुला कळणारं नाही तरी लिहिते.

आणि तो मेजपोश मागून आण. स्वतःच्या हाताने धू. बेकरीतली गोड बिस्किटं घेऊन परत दे आणि खरं ते सांग.

तुझी (अजून हसणारी) आत्या


मोन्तेव्हिदेओ,
२० ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
सा. न. आज वि. वि. करण्याजोगं मन नाही.

जूनपासून फाइना पाटीत शहाण्यासारखी बसते. पेर्लाबाई मेजपोश बघून म्हणाल्या, निळीत घातला असता तर आणखी उजळला असता. आता त्याच आपला चोथा वाळवून कागदात बांधून वर आणून देतात. अजून थोडासा घालावाच लागतो, नाहीतर फाइना रुसते.

हे सगळं मागेलाला सांगायला मी सुट्टीची वाट बघत होतो. सुट्टीत ती आली नाही, काल तिचं पत्र आलं. साल्तोची नोकरी पक्की झाली. तिथे ओरिबे नावाचा संगीताचा मास्तर आहे, त्याच्या घरी दोघं राहणार, उन्हाळ्यात लग्न. फाइनाला मी साल्तोला पोचती करावी, येण्याजाण्याचा त्रास होईल म्हणून ती फार संकोचाने विचारते आहे. त्रास! आणि शेवटी लिहिलं आहे, की तू नसतास तर मला सुखाने इथे राहता आलं नसतं. म्हणजे तिच्या सुखाची सोय मीच केली. तिने मला कधी काही वचन दिलं नव्हतं, हेही खरं. त्याचाच राग जास्त येतो.

मी ठरवलं आहे. फाइनाला नेऊन देईन, पण येर्ब्याचा एक शब्दही बोलणार नाही. या मास्तरला म्हणे मांजराच्या केसांनी शिंका येतात आणि घरात लाकडी जमिनीला मेण लावलेलं आहे. आठवडाभर त्या मेणावर फाइना काय करते ते बघू दे. मग मागेला आपोआप ओळखेल, कोणाला काय जमतं ते.

तुझा,
विल्मार


दुराझ्नो,
२७ ऑगस्ट १९९४

चि. विल्मारस,
आशीर्वाद देते, पण आज मोजून एकच.

मांजर कोणासाठी सूड घेत नाही, ती फक्त जागा शोधते. ज्याच्या जमिनीवर ती घाण करेल तो माणूस काही स्वतःचं घर सोडून जाणार नाही. जाईल ती फाइना. कोणाच्या तरी गोठ्यात, नाहीतर रस्त्यावर. पाच वर्षं जमिनीला पाय न लावलेलं जनावर तिथे किती टिकेल, हे तू शेतकी कॉलेजात होतास तेवढ्यातही शिकला असशील. मागेलासाठी हे मांजर तू घेतलंस, ठीक. पण उरापोटी जपलंस ते कोणासाठी, हे एकदा स्वतःला विचार.

तुला किती लागलं आहे ते मला कळतं. तुझ्या आत्यानेही कधी कोणाची वाट बघितली होती, ते इथे लिहीत नाही.

टोपली आठ दिवस आधीपासून खोलीत उघडी ठेव, आत तुझा न धुतलेला सदरा घाल आणि तिथेच खाऊ देत जा. निघताना ती आपणहून आत बसेल. नव्या घरात आधी एकच खोली दाखवायची, पाटी तिथेच. ओढून बाहेर काढायचं नाही. परतताना दुराझ्नोला उतर. एवढंच लिहून कळव, चोथ्याची पिशवी नेलीस की नाही.

तुझी आत्या


साल्तो बसस्थानक,
१० सप्टेंबर १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पिशवी नेली. पण सदऱ्यांच्या खाली दडपून, आणि ती बाहेर काढेन असं मी बसमध्येही ठरवलं नव्हतं.

दार ओरिबेनेच उघडलं. मला वाटलं होतं, ऐटबाज असेल. निघाला बुटका, टक्कल पडायला लागलेला, नाक आधीच लाल. म्हणाला की औषध घेतलं आहे, बघू कोण आधी दमतं, मी की शिंका. खिडकीला त्याने जाळी लावली होती, वाकडी. आणि फाइनाच्या स्वागताला कोरी निळी पाटी आणून ती जंतुनाशकाने घासून घासून चकचकीत केली होती. खोलीभर तोच वास, माझ्या डोळ्यांत पाणी आणणारा. मी काही बोललो नाही. आतून खूश झालो, तुझ्याशी खोटं का बोलू.

मागेला येर्बा करायला स्वयंपाकघरात गेली, मदतीला तोही. मी टोपली उघडून बसलो. माझ्या सदऱ्यावरून उठून फाइना बऱ्याच वेळाने बाहेर आली. पाटीचा वास घेतला, पंजा झटकला. मग कोपऱ्यात ओरिबेच्या अकॉर्डियनची पेटी उघडी पडली होती, आत लाल मखमल, त्यात ती चढली आणि उकरायला लागली. तोंडावर तो गंभीर भाव, तुला माहीत आहे तो. आत्या, मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मागेलाकडे जावं असं तिच्या मनातही नव्हतं, तिला फक्त तिची जागा हवी होती आणि ती कुठे आहे हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं. मी तिला उचललं, काखेत मारलं, पाटी घेऊन न्हाणीघरात शिरलो आणि ओरडून गरम पाणी मागितलं. दोघं धावत आली. मी पाटी धुतली, रेती घातली, पिशवी फोडून वर मूठभर चोथा पसरला. फाइना खाली उतरली, उकरलं, बसली. आम्ही तिघं मोठी माणसं दारात उभी राहून बघत होतो. ओरिबेने टाळी वाजवली तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो, की तिला घाबरवू नका. तो म्हणाला, चुकलं. मग त्याने मला सगळं दोनदा विचारलं आणि स्वतःशी पुटपुटून पाठ केलं. मखमलीतली ओरखड्यांची जागा त्याला दिसली. तिथे हात फिरवून त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेटी मिटली.

चार वाजताची बस दुराझ्नोवरून जात नाही, पाचची जाते, तीच घेतो, आणि हे पत्र उतरल्यावर तुझ्याच हातात देईन. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन काचेचं विचारावं असं मनात आहे. पक्कं नाही. बाबांना मीच सांगेन.

फाइनाच्या केसांनी भरलेला सदरा घालून येतो आहे, तसाच जवळ घे,
विल्मार

ता. क. दाराचं लिहायचं राहिलं. निघताना मागेला दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते, तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि तेच ऐकायला मी मार्चपासून जगत होतो. पण तिच्या पायांशी फाइना येऊन उभी, कान पुढे, उंबऱ्याकडे बघत. फाइनाचे लाड मी आधीच खोलीत करून घेतले होते. मी खिशातून वाळक्या मांसाचा तुकडा काढला आणि घरातल्या पॅसेजच्या पार आतल्या टोकाला टाकला. फाइना तिकडे धावली, तिला बघायला मागेलाने मान वळवली. तेवढ्यात मी बाहेर झालो आणि कडी खट्‌ करून बसेपर्यंत मूठ हातात धरून दार सावकाश ओढून घेतलं.